प्रलंबित, प्रतीक्षाधीन आणि मी

आमच्या धडगावच्या कार्यालयात नवा टेलिफोन आला, तेव्हा त्याच्या बटणांवर मराठी चिठ्ठ्या चिकटवायची दुर्बुद्धी मलाच सुचली. (आवक-जावकच्या टेबलावर बावीस वर्षं काढलेल्या माणसाला चिठ्ठी चिकटवण्यात काय सुख असतं, ते इतरांना नाही कळायचं.) होल्डचं केलं 'प्रलंबित', कॉल वेटिंगचं 'प्रतीक्षाधीन', कॉन्फरन्सचं 'संयुक्त' आणि म्यूटचं 'मौन'. शिपाई उदेसिंगने विचारलंही, "भाऊसाहेब, कोणतं दाबल्यावर काय होतं?"

"लागेल तेव्हा कळेल," मी रुबाबात म्हणालो.

सोमवारी लागलं. त्या दिवशी जिल्ह्याचे मोठे साहेब माझ्या बदलीच्या अर्जाबद्दल फोन करणार होते. चार वर्षं मी दर शनिवारी जीपच्या मागच्या फळीवर अर्धा बाहेर बसून नंदुरबारला घरी जायला घाट उतरतोय आणि सोमवारी तसाच चढतोय. स्वतःच्या हातच्या खिचडीला तर मी पार विटलो होतो. म्हणून अर्जात ठोकून दिलं होतं, की पत्नीचे गुडघे गेले, जिना चढवत नाही, सबब नंदुरबारला बदली मिळावी.

साडेअकराला घंटी वाजली. साहेब नव्हते, बायको होती. (डोंगरात मोबाईलची रेंज मनाला येईल तेव्हा येते, म्हणून सिंधु ऑफिसच्याच फोनवर बोलते.)

"आयकतस का? आठ पोता मिरची..." तिने सुरुवात केली आणि फोनमध्ये टुकटुक झालं. दुसऱ्या लाईनवर साहेब!

आता सिंधुला 'प्रलंबित' ठेवायचं की साहेबांना 'प्रतीक्षाधीन'? खरं सांगतो, या दोन शब्दांतला फरक मला अख्ख्या नोकरीत कळलेला नाही. दोन टेबलांमध्ये फाईल अडकली, की संयुक्त बैठक लावून मोकळं व्हायचं, हा आमचा रिवाज. बोट आपोआप 'संयुक्त'वर गेलं.

"हॅलो, पाटील? जिल्हा कार्यालयातून बोलतोय," साहेब म्हणाले.

"पाटील घर नहीत. मी त्यासनी बायको बोलस," सिंधु म्हणाली. तिला वाटलं, हा फोन तिच्याच मोबाईलवर आला.

निदान दोघं गप्प तरी होतील, म्हणून मी 'मौन' दाबलं. गप्प मीच झालो!

"वहिनी, गुडघे कसे आहेत?"

"कोना?"

"तुमचे!"

"मले काय व्हस साहेब? सकायपाईन एकलीनी आठ पोता मिरची धाबावर चढाई दिन्हात!"

(धाबं म्हणजे आमच्या घराची गच्ची, जिना चढूनच जावं लागतं.) मी टेलिफोनपुढे हात जोडले, कपाळ बडवलं. उदेसिंगने पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

"पाटलांनी तर लिहिलंय, तुम्हाला जिना चढवत नाही. म्हणून बदली हवी म्हणतात," साहेब शांतपणे म्हणाले. "बोला, पाठवू का त्यांना घरी?"

नोकरी गेली तरी चालेल, पण सिंधु, एकदा 'हो' म्हण!

"साहेब, खरं सांगू का?" ती हळूच म्हणाली. "पाटील घर उनात का मिरचीम्हा हात घालतस, मंग तोच हात डोयासले लावतस. मन्हं दोन दिन काम बंद. मिरचीना हंगाम सरू द्या, मंग धाडा."

"कधी सरतो हंगाम?"

"फागुनपावत. मंग गहू काढाना शेतस."

साहेब खो खो हसले. "बरं. पाटलांचा अर्ज नामंजूर, तुमचा मंजूर. पण वहिनी, मिरची वाळवायला मीठ लावता का हो? आमच्या घरी दरवर्षी काळी पडते."

"मीठ नही लावानं साहेब! पह्यले देठ..."

तेवढ्यात उदेसिंगने हात लांब करून 'मौन' पुन्हा दाबलं आणि माझा आवाज मोकळा झाला. "साहेब! साहेब, मी पितांबर पाटील बोलतोय!" मी जीव तोडून ओरडलो.

"पाटील," साहेब वैतागून म्हणाले, "फोन ठेवा हो. आम्ही कामाचं बोलतोय."