बुधवारच्या श्यामदेशी साराची बखर

श्री अन्नपूर्णामाता ज्यास देईल त्याने खावे, ज्यास न देईल त्याने ही हकीकत ऐकावी. शके सतराशे सहा, क्रोधीनाम संवत्सरी, एका दौलतीत, जिचे नाव लिहिल्याने आता कोणाचेच भले होणे नाही, रात्रीच्या जेवणापायी जे वर्तमान घडले ते जैसे घडले तैसे लिहितो. दौलत थोर, गड बुलंद, फौज जय्यत, आणि इतके असता खाशांच्या पंगतीस सुख म्हणोन नव्हते. महाराजांस मधुमेह जडला, तेव्हा राजवैद्यांनी साखर, गूळ आणि भात बंद केला. मातुश्री आईसाहेब यांचे पायांस सूज आली, तेव्हा मीठ बंद केले. मग महाराजांची प्रथम राणी निवर्तल्यावर दुसरे लग्न समुद्रकाठच्या मुलुखात जाहले आणि अंबिकाबाई राणीसाहेब घरात आल्या. वय लहान, बोलणे मोकळे, हसणे त्याहून मोकळे. माहेरी नारळाचे राज्य, भुईमुगाचा दाणा कधी दृष्टीस पडिला नव्हता. लग्नानंतरचे पहिले एकादशीस वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी पानात आली, ती चार घास खाताच ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घरघरू लागला, आणि वैद्यांनी शर्थ केली म्हणोन त्या दिवशी वाचल्या. वैद्य हात जोडून बोलिले, "सरकार, दाणा यांना विष आहे. एकदा निभावलं. पुन्हा पोटात गेला तर माझ्या हातात काही राहणार नाही." मातुश्रींस ते पटले नाही. म्हणाल्या, "दाण्यानं कधी कोणी मेलंय का? आम्ही जन्मभर खातोय." तथापि महाराजांनी हुकूम केला आणि गडावर दाणा बंद जाहला.

आता या घराण्याची रीत ऐशी की खाशांची पंगत एक, पातेले एक. राजास जे वाढिले तेच मातुश्रींस, तेच राणीस. वैद्यांनी सुचविले की राणीसाहेबांची चूल वेगळी मांडावी, आचारी वेगळा ठेवावा, म्हणजे घोर राहणार नाही. त्यावर मातुश्री संतापल्या आणि बोलिल्या, "माझ्या जिवंतपणी या घरात दुसरी चूल पेटायची नाही. आज चूल वेगळी, उद्या दौलत वेगळी." हे बोलणे सर्वांस कठोर वाटले, परंतु खरे लिहावयाचे तर राणीसाहेबांसही वेगळे ताट नको होते. त्या महाराजांस म्हणाल्या, "मला एकटीला वाढू नका. माहेरी आम्ही सगळी एका ओळीत बसायचो. इथे एकटी जेवले तर मी जन्मभर पाहुणीच राहीन." महाराजांस हे बोलणे गोड लागले, साखर बंद जाहल्यापासून दुसरे गोड असे त्यांस उरले नव्हते, आणि त्यांनी ते मान्य केले. तेथेच चुकले असे मला वाटते, परंतु मला कोण पुसतो.

मग साखर गेली, भात गेला, मीठ गेले, दाणा गेला, आणि उरले काय, तर मुगाचे कढण, उकडलेला दुधी आणि बिनमिठाची भाकरी. शनिवारी मारुतीचा उपास, रविवारी स्वारी शिकारीस, ते दोन दिवस कसेतरी सुटत, परंतु सोमवारपासून शुक्रवारपावेतो दिवेलागण जाहली की महाराजांचे तोंड उतरे. एके दिवशी पान समोर येताच त्यांनी मुदपाकखान्याचे दारोगे त्र्यंबकपंत यांस बोलाविले आणि पुसिले, "पंत, हे अन्न आहे की सुतक?" त्र्यंबकपंत वाकून उभे राहिले. गृहस्थ मोठे हुशार, त्यांस कोणत्याही संकटावर मसलत सुचत असे आणि सुचली की ती थांबवणे कोणाचे बापास शक्य नसे. ते बोलिले, "सरकार, आपल्या मुलुखात तिघांना चालेल असं अन्न उरलं नाही हे खरं. पण पृथ्वी मोठी आहे. कुठल्यातरी देशात साखर, मीठ, दाणा यांवाचून माणसं पोटभर जेवत असतीलच की." मग बंदरावर जासूद पाठविले, घोडेवाले इराणी, हबशी खलाशी, चिनी रेशीमवाले, श्याम म्हणजे सयाम देशीचे सुपारीवाले, रूम म्हणजे तुर्कांच्या मुलुखाचे अत्तरवाले, एकेकास धरोन आणिले आणि पुसिले की तुम्ही रात्रीस काय खाता. ते बिचारे भ्याले, त्यांस वाटले जकात वाढली.

मग तजवीज ठरली ती येणेप्रमाणे. सोमवारी इराणचे दही-पुदिना आणि वाळल्या लिंबाचे आंबट कालवण, म्हणजे आंबटात मिठाची आठवण होऊ नये. मंगळवारी हबसाणचे आंबविले पिठाचे घावन. बुधवारी श्याम देशीचे नारळाचे सार, गवती चहा घालून. गुरुवारी चिनी भाज्या, शुक्रवारी रूमचे द्राक्षाचे पानांत गुंडाळलेले जव. परंतु प्रत्येक पदार्थातून महाराजांसाठी एक जिन्नस काढिला, मातुश्रींसाठी दुसरा काढिला, राणीसाहेबांसाठी तिसरा काढिला, आणि मग जे राहिले ते पाहून त्या त्या देशीचा मनुष्यही चकित व्हावा. इराणी घोडेवाल्यास सोमवारचे कालवण चाखविले, तो डोळे मिटून म्हणाला, "फार छान! कोणत्या देशाचं?" द्राक्षाची पाने पाहून महाराज म्हणाले, "पाला आम्ही खाल्ला तर गुरांना काय घालायचं?" चिनी रेशीमवाल्याने जेवणाच्या काड्या नजर केल्या होत्या, त्या मातुश्रींनी अंबाड्यात खोविल्या आणि कोणी काढा म्हणण्यास धजले नाही. तरी पंगतीस बोलणे सुरू जाहले, राणीसाहेब हसू लागल्या आणि मातुश्रीही एकदा हसल्या. इतकाच सुखाचा काळ या हकीकतीत आहे, तो थोडका आहे.

आता रायाजी चाखणार याचे वर्तमान. या दौलतीत विषप्रयोगाची धास्ती पूर्वापार, सबब खाशांचे पातेले प्रथम चाखणारापुढे येई. त्याने घास घ्यावा, मग स्वस्थ बसावे, त्यास काही न जाहले म्हणजे अन्न शुद्ध. रायाजी या कामावर म्हातारा जाहला होता. अंगाने आडवा, स्वभावाने भित्रा. भित्रा मनुष्य रोज सायंकाळी मरणाचा घास घेतो याचे लोकांस हसू येई, आणि लोकांच्या त्या हसण्याचा मला आजही राग येतो. राणीसाहेबांचा त्याजवर लोभ. रोज पंगतीपूर्वी त्या पडद्याआडून पुसत, "रायाजी, काय म्हणतंय पोट?" आणि तो उत्तर करी, "गप्प आहे बाईसाहेब. वाढायला हरकत नाही." त्या आल्यापासून दाण्याची चौकशीही आपसूक त्याजकडेच आली, कोणी हुकूम दिला नाही. रायाजी चाखतो, रायाजी धडधाकट आहे, म्हणजे राणीसाहेबांसही बाधा नाही, ऐसे सर्वांनी धरोन चालिले. ज्या दाण्यावर रायाजीचा पिंड पोसला तो दाणा रायाजीस काय करणार, हा विचार वैद्यांस सुचला नाही, पंतांस सुचला नाही, आणि महाराजांस तर विचार करण्याची सवय नव्हती.

श्यामदेशी सार पहिले बुधवारी केले ते पातळ जाहले. महाराज म्हणाले, "पंत, हे सार पानातून पळून जातं, त्याच्यामागे मी धावू का?" सर्व हसले. मुख्य आचारी आबाभट मात्र हसले नाहीत. त्यांचा हात त्या मुलुखात नामांकित, आणि परक्या देशांचे हे आळणी प्रकार रांधून त्यांचा जीव आधीच विटला होता. दुसरे बुधवारी सार चुलीवर उकळत होते, आबाभटांनी पळी घालून पाहिले, तो पुन्हा पातळ. मग त्यांनी हयातभर जे केले तेच केले. घरून आणिलेल्या कुटाचा डबा फळीच्या मागे होता, कोठीची झडती होई ती पोत्यांची होई, आचाऱ्याच्या डब्याकडे कोण पाहतो, तो उघडिला, मूठभर कूट सारात घातले, ढवळिले, आणि सार मिळून आले. हे करिताना त्यांच्या मनात ना वैर होते, ना हयगय, काही म्हणोन नव्हते. फोडणीचे वेळी हात हिंगाकडे जातो तैसा गेला.

पातेले रायाजीपुढे आले. त्याने घास घेतला आणि त्याचा चेहरा उजळला. कितीएक दिवस परक्या आंबट-तुरट चवी गिळून तो कंटाळला होता, आणि आज गवती चहाच्या वासाखाली त्यास काही ओळखीचे लागले. काय ते त्यास कळले नाही, पुसण्याची रीत नव्हती, त्याचे काम जगणे एवढेच. तो नेमाप्रमाणे स्वस्थ बसला, त्यास काही जाहले नाही. राणीसाहेबांनी पडद्याआडून पुसिले तेव्हा तो रोजच्याहून खुशीत बोलिला, "बाईसाहेब, आज अगदी घरच्यासारखं लागतंय. पोटभर जेवा." राणीसाहेबांस घर म्हणजे नारळाचे माहेर आठविले. त्या पंगतीस बसल्या आणि मातुश्रींस म्हणाल्या, "आईसाहेब, आज माझ्या माहेरची चव आहे. तुम्ही घेऊन बघा." मातुश्रींनी घेतले आणि म्हणाल्या, "खरंच, आज मिठाची आठवण येत नाही." महाराजांनी दोनदा मागून घेतले. राणीसाहेबांनीही मागून घेतले. मग त्यांनी हात थांबविला, गळ्यास लाविला आणि महाराजांकडे पाहिले. बोलू गेल्या तो शब्द उमटेना. आचारी, पाणके, सरदार, सर्व धावले, वैद्य उघड्या अंगाने धावत आले, काढे घातले, पाठ चोळिली, देव पाण्यात घातले. महाराज मांडी देऊन बसले आणि वेड्यासारखे म्हणू लागले, "श्वास घे गं, श्वास घे." पान पुसले नव्हते, सार निवले नव्हते, इतक्यात राणीसाहेब गेल्या. मला हे लिहवत नाही, तरी लिहिले.

मग सुतक फिटल्यावर दरबार भरला. महाराज गादीवर बसले, परंतु बसले म्हणणे जुलमाचे, बसविले. प्रथम पुकारा जाहला की विषप्रयोग. रायाजीस उभे केले. तो धडधाकट. आबाभटांस उभे केले. पंतांनी पुसिले, "भटजी, सारात दाणे घातलेत?" आबाभट शपथ घेऊन बोलिले, "दाणे? छे हो! दाणा तर महालात नाही. पातळ होतं म्हणून मूठभर कूट घातलं. त्याला काय घातलं म्हणायचं?" आणि हे बोलोन जाहल्यावर आपण काय बोलिलो ते त्यांस उमगले, मग ते मट्‌कन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. महाराजांनी तोंड फिरविले. न्यायाधीशांनी रीत पाहिली. रीतीप्रमाणे चाखणार जिवंत राहील ते अन्न शुद्ध. रायाजी जिवंत. सबब सार शुद्ध, आबाभट निर्दोष, पंत निर्दोष, आणि राणीसाहेबांचे आयुष्यच तेवढे होते ऐसा निवाडा लिहिला गेला. दरबारास हायसे वाटले. कोणाचीही मान गेली नाही, कोणाची नोकरी गेली नाही. रायाजी तेवढा जाईना. तो पुढे आला आणि म्हणाला, "सरकार, मीच त्यांना पोटभर जेवा म्हणालो. मला काहीतरी शिक्षा द्या." न्यायाधीश म्हणाले, "तू जगलास, रायाजी. शिक्षा कशाची देऊ?" मातुश्री चिकाच्या पडद्याआड बसल्या होत्या, त्यांचे रडणे बाहेर ऐकू आले, आणि त्यानंतर त्या कोणत्याही पंगतीस बसल्या नाहीत.

मग पुढले सोमवारी त्र्यंबकपंतांनी, मसलत मोडू नये म्हणोन, इराणचे कालवण पुन्हा करविले. झडती घेतली, डबे फोडिले, नवा आचारी ठेविला, भांडी राखेने सात वेळ घासविली. पातेले रायाजीपुढे आले, त्याने घास घेतला, स्वस्थ बसला, त्यास काही जाहले नाही. महाराज एकटेच पाटावर बसले होते, दोन्हीकडील पाट रिकामे. त्यांनी पातेल्याकडे पाहिले आणि आपण होऊन पुसिले, जे आजवर त्यांनी कधी पुसिले नव्हते, "रायाजी, जेवू ना रे?" रायाजी खाली पाहोन बोलिला, "सरकार, मला काही झालं नाही. मला एवढंच सांगता येतं. आजवरही एवढंच सांगत आलो." महाराजांनी आचमनाचे पाणी तसेच सांडिले आणि उठोन गेले. पान तसेच राहिले, आणि मागोन ते कोणी उचलेना, कारण त्या अन्नास शुद्ध म्हणावे की काय म्हणावे हे सांगण्याजोगा मनुष्य त्या महालात एकही नव्हता.

येणेप्रमाणे पाच देशांची पाच रात्रींची तजवीज मोडली. महाराज पुढे मुगाचे कढण घेत राहिले, आणि कसे आहे म्हणोन कोणासही पुसत नसत. रायाजीचे वेतन अखेरपावेतो चालले. जे घडले ते असे आहे, यात कोणी खोटे बोलिले नाही, कोणी वाईट चिंतिले नाही, आणि एक पोर घरच्यांबरोबर जेवावयास बसली ती गेली. इति.