तालिताबाईंनी प्रार्थनेच्या वेळी रस्ता ओलांडिला त्याची हकीकत

ईश्वर सर्व जाणतो, परंतु गावकरी त्याहून अधिक जाणतात आणि सांगताना पदरचे घालतात. सबब सामोआ देशी, सवाई बेटावर, समुद्रकाठच्या एका गावी जो रणप्रसंग जाहला, तो खरा कळावा म्हणोन कलमबंद केला असे.

फिलेमोनीसाहेबांच्या स्नुषा, सौभाग्यमंडित तालिताबाई, यांस नववा मास सरत आला होता. गर्भस्थ वारसदार खाली उतरोन मूत्राशयाच्या गढीवर डेरे देऊन बसले आणि लाथांची सरबत्ती करू लागले, मग बाईंस घडोघडी संडासाकडे कूच करणे प्राप्त जाहले. घरचा संडास वादळात जमीनदोस्त जाहला होता, आणि नव्याचा पैका साहेबांनी चर्चच्या छपरास नजर केला होता, म्हणोन रस्त्यापलीकडे चुलत सासऱ्यांचे परसात जाऊन गुजारा चालिला होता.

ऐसियास सांजेचा शंख वाजला. शंख वाजला की सारा गाव घरात, प्रार्थनेस. रस्त्यावर जो सापडेल त्याजकडून डबाबंद माशांची पेटी दंड घ्यावी, हे पंचांचे फर्मान. पहाऱ्यावर सरदार पेनिआमिना, फुलाफुलांची लुंगी नेसोन, सोटा घेऊन खडे. आणि नेमक्या त्याच समयी गढीवर एल्गार जाहला.

फिलेमोनीसाहेबांनी नेत्र मिटोन प्रार्थना आरंभिली. प्रथम पंचांस्तव, मग पाद्रीसाहेबांस्तव, मग पाद्रीसाहेबांच्या डाव्या गुडघ्यास्तव, मग ऑकलंड मुक्कामीच्या समस्त पुतण्यांस्तव नावनिशीवार, आणि मग येणाऱ्या नातवास्तव. त्याचे मातेस यत्किंचितही क्लेश न व्हावे, हे कलम तर बहुत विस्ताराने. माता शेजारी घामाघूम.

बाई नवऱ्याचे कानी लागल्या. “इओपू, मला जायचंय.”

“आत्ता? आमेनपर्यंत थांब की.”

“तुझ्या बाबांचं आमेन आधी येतंय की तुझं पोर, सांगता यायचं नाही.”

सासूबाई एसेता यांनी एक नेत्र किलकिला केला. “गप बस. दिवेलागणीला पोटुशी बाई एकटी बाहेर पडली तर भूत धरतं.”

“मग तुम्ही चला सोबत.”

“मी प्रार्थनेत आहे.”

“बरं. आई, मी बसलेय ती ही चटई तुम्हीच विणलीत ना? चार महिने खपलात म्हणे.”

सासूबाईंचे दोन्ही नेत्र उघडले.

तत्काळ मसलत होऊन हुकूम सुटला की, प्रार्थना मोडणे पाप, सुनेस एकटीस धाडणे धोका, आणि चटई ती चटईच. याजकरिता समस्त घराण्याने प्रार्थनेसह कूच करावे. मग अग्रभागी तालिताबाई, कमरेवर हात देऊन, भरल्या गलबतासारख्या डुलत. आणि मागे सासूबाई, भुतांच्या बंदोबस्तास. आणि पिछाडीस इओपूने हाती धरिलेले फिलेमोनीसाहेब, नेत्र मिटलेले, जिव्हा चालू.

“कोण ते? थांबा तिथंच! दंड पडेल!” पेनिआमिना गरजले.

“ओरडतोस काय मेल्या? प्रार्थना चाललीय, दिसत नाही?” सासूबाई कडाडल्या.

“पण मावशी, प्रार्थना रस्त्यावर?”

“मग काय देव घरातच असतो?”

चालत्या प्रार्थनेस दंड किती, याचे कलम पंचांनी केले नव्हते. सरदारांनी विचार केला, सोटा काखेत मारिला, हात जोडिले आणि फौजेचे मागे रुजू जाहले. तितक्यात बाईंनी शेवटची चार पावले, अब्रू मुठीत धरून, दौडीने काटली आणि संडासाचे द्वार आपटले.

बाहेर साहेब त्याच रंगात होते. “हे प्रभो, या लेकराचा भार हलका कर!”

आतून धबधबा कोसळल्याचा नाद जाहला, आणि मागोमाग दीर्घ सुस्कारा.

“आमेन!” समस्त फौज वदली. साहेबांनी नेत्र उघडिले, ते पाणावलेले. “ऐकलंत? शब्द तोंडातून निघायचा अवकाश!”

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. चटई कोरडी राहिली, भुते परागंदा जाहली, दंड माफ जाहला, आणि सर्व यश फिलेमोनीसाहेबांच्या प्रार्थनेचे नावे दाखल करोन सरदार पेनिआमिना यांची साक्ष घातली. तालिताबाईंचे म्हणणे पुसता त्यांनी आतून कळविले ते असे:

“मामंजी, यश तुम्हीच ठेवा. आईंना तेवढं आत पाठवा, मला उठता येत नाहीये.”