मेलेल्या ट्रान्झिस्टरांचा गोडवा

एका जंगलात, बाळांनो, एक वाघ होता. तो राजा होता, तेव्हा त्याचं आपल्याकडे काही काम नाही. आपलं काम आहे नारोबा मुंगसाशी. नारोबा जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचा. हाताचा इतका चोख, की सापसुद्धा त्याच्याकडेच रेडिओ टाकायचे. आणायला-न्यायला मात्र शेजाऱ्याला पाठवायचे.

एकदा म्हाताऱ्या बापूसाहेब अस्वलांचा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला. चाळीस वर्षांचा सोबती. त्यावर गाणं ऐकल्याशिवाय बापूसाहेबांच्या घशाखाली मध उतरत नसे.

नारोबाने उघडून पाहिलं. आवाजाचा सगळा भार वाहणारे दोन ट्रान्झिस्टर, पत्र्याच्या टोप्या घातलेले, जळून ठार झाले होते. तसले आता कुठे मिळत नाहीत. नारोबाने त्यांच्या तोडीचे नवे आणले, काळे आणि चपटे. एकाला एक जुळणारे निवडले. पहिले का जळले तेही शोधून काढलं. मग तीन दिवस वाजवून पाहिलं. गाणाऱ्याने घेतलेला श्वाससुद्धा कळत होता. नारोबा स्वतःवरच खूश झाला.

रविवारी सकाळी बापूसाहेबांकडे जाणकार जमले. जाणकारांची एक रीत होती. आधी झाकण काढून आत बघायचं, मग ऐकायचं.

गवेकाकांनी आत डोकावून नाक मुरडलं. "गोडवा गेला."

"अजून चालू केलेला नाही, काका," नारोबा म्हणाला.

"तरीसुद्धा कळतंय, म्हणजे बघ!"

टिटवीमावशींनी तर पंखांनी कान झाकून घेतले.

बापूसाहेबांचा चेहरा पडला. "नारोबा, माझे जुनेच बसव रे. नाहीतर मी गाणं सोडलं म्हणून समज."

"पण बापूसाहेब, ते मेलेत हो."

"असू देत. माझे आहेत."

चार दिवस बापूसाहेबांनी मधाला तोंड लावलं नाही. नारोबाला रडूच आलं. आपल्या चांगल्या कामापायी म्हातारा जिवाला मुकायचा, असं त्याला वाटलं. शेवटी त्याने नवे ट्रान्झिस्टर तळाशी दडवले. वर, त्यांच्या जुन्या जागी, मेलेल्या टोप्या घासूनपुसून बसवल्या. त्यांना एकही तार जोडली नाही.

पुढच्या रविवारी जाणकारांनी झाकण काढलं, टोप्या पाहिल्या आणि गाणं सुरू होण्याआधीच डोळे मिटले.

"ह्याला म्हणतात आवाज!" गवेकाका गदगदून म्हणाले.

बापूसाहेब ढसाढसा रडले आणि वाडगाभर मध चाटून बसले. नारोबा खरं सांगायला उठला. म्हाताऱ्याच्या नाकाला लागलेला मध त्याने पाहिला आणि तो खाली बसला.

दुसऱ्या दिवशी नारोबाच्या बिळापुढे रांग लागली. प्रत्येकाकडे चांगला वाजणारा अ‍ॅम्प्लिफायर होता आणि प्रत्येकाला त्यात मेलेले ट्रान्झिस्टर बसवून हवे होते. आठवड्याभरात नारोबाकडचे मेलेले संपले.

आता तो दिवसभर बसून चांगले ट्रान्झिस्टर जाळतो. अगदी मन लावून जाळतो, कारण अर्धवट जळलेला जाणकारांना लगेच ओळखू येतो.

तात्पर्य : काम चोख करावं, बाळांनो. आणि ते कुणाच्या नजरेस पडणार नाही, याची त्याहून चोख काळजी घ्यावी.