पाणबुडीला हळद

भारताच्या सागरी सामर्थ्याचा इतिहास जेव्हा लिहिला जाईल, तेव्हा त्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या गल्लीला एक स्वतंत्र प्रकरण द्यावं लागेल, असं मी १९९८ साली जाहीर करून टाकलं होतं. समुद्र मी तोवर दोनदाच पाहिला होता, आणि तोही दोन्ही वेळा गगनबावड्याच्या घाटात ओकून अर्धमेला झाल्यावर. त्यामुळं तो नेमका कसा दिसतो, हे मला आजही खात्रीनं सांगता येणार नाही.

पण ऑर्डर खरी होती! मुंबईची एक बडी कंपनी शत्रूच्या जहाजांवर चाल करून जाणारी नव्या घडणीची पाणबुडी बांधायच्या तयारीत होती. तिच्या पोटातल्या एका पाइपाचं तोंड बंद करणारं, ताटाएवढं काशाचं झाकण आम्ही करायचं. नग चाळीस. सोबत नकाशांचे सतरा कागद. एवढे कागद आमच्या घराच्या वाटणीलाही लागले नव्हते. त्या आनंदात मी ऑइल इंजिनचे सुटे भाग घेणारी तीन जुनी गिऱ्हाइकं परत पाठवली. म्हटलं, आता आम्ही देशाचं काम करतो. थोडक्यात, आमच्या मशीन-शॉपमधल्या अकरा माणसांच्या चुली मी एका झाकणावर ठेवल्या.

लेथ सांभाळणारा माझा भागीदार बाळासो. त्याला एकच शंका होती. "आण्णा, जी मुद्दाम बुडवायचीच हाय, तिच्यात पाणी शिरलं न्हाय पायजे, ह्ये कुठलं गणित?" मी त्याला राष्ट्रीय सुरक्षा समजावून सांगितली. मलाही ती तेव्हाच पहिल्यांदा समजली.

एक नग पास झाला की मगच पुढचे करायचे, असा नियम. तपासायला कंपनीचे प्रसेनजीत कांबळे यायचे. गाव आजरा, म्हणून मला वाटलं आपलाच माणूस, जरा सांभाळून घेईल. साहेब चहासुद्धा स्वतःच्या थर्मासातला प्यायचे. जे दिसेल ते लिहायचं आणि लिहिलेलं खोडायचं नाही, हा त्यांचा बाणा. पाण्याचा दाब दिल्यावर पहिलं झाकण कडेनं पाझरलं. दुसरंही पाझरलं.

तिसरं लेथवरून उतरलं आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी आली. त्या दिवशी मशीन बंद ठेवून हत्यारांची पूजा करायची. आमच्याकडं ती तानाबाई करायची. एरवी ती शॉप झाडायची, धातूचा चुरा गोळा करायची. पण त्या दिवशी तिच्यापुढं मीसुद्धा चप्पल काढून उभा! लेथ पुजला, ड्रिल पुजलं, आणि समोर दिसलं म्हणून तिनं झाकणालाही हळदकुंकू वाहिलं, वर नारळाचं पाणी शिंपडलं.

दसरा उलटल्यावर कांबळेसाहेबांनी ते दाबाला लावलं. थेंब नाही. पुन्हा लावलं. थेंब नाही. मग त्यांनी भिंग काढलं. बोल्टच्या भोकात काहीतरी पिवळं होतं.

"हे काय?"

मी तोंड उघडायच्या आत बाळासोनं छाती फुगवून सगळं सांगितलं. साहेब लिहीत गेले.

महिन्याभरानं मंजुरीचं पत्र आलं. आम्ही पेढे वाटले. पेढे संपल्यावर मी दुसरं पान वाचलं. नग ज्या कृतीनं पास झाला तीच कृती कायम. परवानगीशिवाय एकही पायरी वाढवायची, गाळायची वा बदलायची नाही. खाली तक्ता. एकवीस, लेथवरचं कातकाम पूर्ण. बावीस, हळद. तेवीस, कुंकू. चोवीस, नारळ. दिवस खंडेनवमी. कारागीर तानाबाई.

मी हसतच फोन केला. साहेब हसले नाहीत. "हळदीनं गळती थांबली असं मी म्हणत नाही," ते म्हणाले, "पण थांबली नाही असंही मला लिहून देता येत नाही." पायरी गाळायची तर अर्ज करा, समिती बसेल, आणि बिनहळदीची दहा झाकणं खोल समुद्रात पाणबुडीला लावून दाखवावी लागतील. पाणबुडी तर झाकणांवाचून अडली होती. तरी मी अर्ज केला.

मग हळदीला शुद्धतेचा दाखला लागला. सांगलीच्या व्यापाऱ्यानं माझी चौकशी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, पाणबुडीला हळद लागली म्हणता, मग नवरा कुठल्या गावचा?

तानाबाईला मी हात जोडले. म्हटलं, बाई, रोज चार नग पूज आणि मोकळी हो. ती म्हणाली, "खंडेनवमी काय म्हयन्याला येत्या व्हय, आण्णा? सणाबिगर नारळ फोडला तर द्येवच म्हणंल, ह्यास्नी याड लागलंय." साहेबांचंही तेच मत पडलं, फक्त भाषा कार्यालयीन.

१९९९ च्या खंडेनवमीला उरलेली एकोणचाळीस झाकणं पाटांवर रांगेत मांडली. आदल्या संध्याकाळी तानाबाईचा दीर वारला. दहा दिवसांचं सुतक! तिची माहेरवाशीण लेक हळदीचं ताट घेऊन उभी राहिली. साहेबांनी तक्त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, यांचं नाव यात नाही. झाकणं वर्षासाठी पोत्यात गेली.

मी जुन्या गिऱ्हाइकांकडं गेलो. त्यांनी चहा पाजला, काम दिलं नाही. शॉपमध्ये अकराचे चार उरलो. गेलेल्यांतले दोघं इचलकरंजीला यंत्रमागावर लागले. तानाबाईला मात्र आम्ही फुलासारखं जपलं. तिच्या भावकीतल्या म्हाताऱ्यांची यादी केली आणि भाद्रपदात दारोदार तब्येती विचारत फिरलो. एका खोकणाऱ्या चुलतसासऱ्याला मी महिनाभर रोज दूध पोचवलं. आपल्यावर कुणाचा एवढा जीव आहे हे बघून म्हातारा रडला. मीही रडलो. कारणं वेगळी होती.

२००० साली म्हाताऱ्यानं साथ दिली. पूजा झाली. साहेबांनी एकेक झाकण दाबाला लावलं; एकाही झाकणातून थेंब आला नाही. सगळे चाळीस नग खोक्यांत भरले, टेम्पोला झेंडूची माळ घातली. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली आणि कुरिअरवाला आला.

पाणबुडीचा नकाशा बदलला होता. आमचं झाकण ज्या पाइपावर बसणार होतं, तो पाइपच नव्या नकाशात नव्हता. मागणी रद्द. सोबत समितीचा निर्णय जोडला होता: हळद, कुंकू व नारळ या पायऱ्या गाळण्यास हरकत नाही.

आम्ही टेम्पो रिकामा केला. बाळासो एका खोक्यावर बसला आणि पत्र उलटं धरून वाचत राहिला. मी त्याला सुलट करून दिलं नाही; सुलट वाचून तरी काय होणार होतं? उद्यापासून आम्हा चौघांना काम नव्हतं.

तानाबाई खोक्यांभोवतीनं झाडत होती. तिनं झाडू ठेवला, एक झाकण उचललं, पदरानं पुसलं आणि हातात तोलून बघितलं.

"आण्णा, ह्यातलं एक मला द्या की. मोरीतनं उंदरं वर येत्यात."