तीन नंबरचं टोकन आणि रुसलेली पॅकेजं

"साहेब, वही मिटा! अर्ध्या तासात कॉम्प्युटरवरून टोकन काढून देतो!" हसनैनने खुर्चीत बसायच्या आधीच छाती ठोकून सांगितलं.

मूर्तिजापूरच्या अलीकडच्या एका तूर खरेदी केंद्रावरची ही गोष्ट. केंद्राचं नाव सांगत नाही. सांगून कोणाचं भलं झालंय! त्या वर्षी तूर अशी पिकली की ठेवायला जागा नाही आणि घ्यायला माणूस नाही. सरकारी खरेदीचा शेवटचा दिवस, मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. हसनैनचे वडील वलीभाई अकरा दिवसांपासून आपल्या पोत्यांवरच झोपत होते. त्यात सकाळीच वरून फर्मान आलं की मापाच्या नंबरचं टोकन कॉम्प्युटरचंच हवं. कॉम्प्युटर बंद असेल तरच वहीवर भागवा.

आणि कॉम्प्युटर बंदच होता हो! केंद्रप्रमुख सूर्यभान ठोसर वही उघडून बसलेही होते. पण हसनैनला राहवेना. मूर्तिजापुरात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. बापाच्या डोळ्यांदेखत हुशारी दाखवायची संधी रोज थोडीच मिळते? त्याच्या शब्दावर ठोसरांनी लगेच वर फोन केला, "कॉम्प्युटर सुरू झाला!" वही कपाटात गेली.

कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. ते फुकट मिळतं, म्हणून सरकारचं लाडकं. टोकनचं सॉफ्टवेअर मात्र कोण्या शहाण्याने दुसऱ्याच जातीच्या लिनक्सवर बनवलेलं! हसनैनने ते सुरू केलं, तर म्हणे आधी अमुक पॅकेज, म्हणजे जोडीला लागणारं दुसरं सॉफ्टवेअर, आणा. त्याने मागवलं. कॉम्प्युटर म्हणाला, या नावाचं इथे कोणी राहत नाही!

अकोल्याला याच धंद्यातला इमरान होता. त्याला फोन लावला.

"अबे, तुह्या लिनक्सात तेच पॅकेज दुसऱ्या नावानं हाये!" इमरानने नवं नाव सांगितलं.

पॅकेज सापडलं, पण एकटं यायला तयार नाही! सोबत आणखी सहा हवीत. त्यातल्या एकाला एका सातव्याची जुनी आवृत्ती पाहिजे, आणि कॉम्प्युटरात बसली होती नवी.

हसनैनला हे सगळं ओळखीचं वाटलं. खानदानातली लग्नं त्याने थोडी नव्हती पाहिली! मामू बसले तर फुफा जेवणार नाहीत. मग ज्याच्यावरून तंटा, त्याला पाहुणे आणायला स्टेशनवर धाडायचं आणि तेवढ्यात निकाह उरकून घ्यायचा. त्याने तेच केलं. नवी आवृत्ती सरळ काढून टाकली. कॉम्प्युटरने लांबलचक यादी दाखवून विचारलं, हिच्यासोबत एवढे सगळे जातील, चालेल? लग्नघरात असल्या याद्या कोण वाचतं! त्याने 'हो' दाबलं.

सॉफ्टवेअर झक्क सुरू झालं! भराभर नावं भरली.

"अब्बा, तुमचा तीन नंबर!"

"मंग कागद दे ना, बेटा."

कागद निघेना. त्या यादीत प्रिंटरही होता, तोही स्टेशनवर गेला होता!

दुपारचे दोन वाजले. प्रिंटर परत आणला की टोकन बंद पडे, टोकन आणलं की प्रिंटर जाई. बाहेर लोक बोंबलायला लागले.

"साहेब, हातानं लिहून द्या ना!" हसनैन काकुळतीला आला.

"कसा देऊ? सुरू हाये म्हणून मी वर कळवलं ना!"

"मंग आता बंद पडला म्हणून कळवा."

"आन कोणं पाडला म्हणून इचारलं, तर तुहं नाव सांगू?"

नाव सांगा, एवढं म्हणायची हिंमत हसनैनला झाली नाही. पुढे कित्येक महिने त्याला याचीच लाज वाटत राहिली.

शेवटी इमरानने तोड सांगितली. दोन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या जागी ठेवायच्या, एकमेकींचं तोंड पाहू द्यायचं नाही. मोबाइलच्या नेटवर ते सगळं उतरायला अडीच तास गेले. मग प्रिंटर खडखडला आणि एकशे त्रेचाळीस टोकनं सलग बाहेर पडली. एकही चूक नाही!

घड्याळात पाच वाजून सहा मिनिटं झाली होती. हमालांनी काट्यावर ताडपत्री टाकली होती.

ठोसरांनी वर कळवलं, "शंभर टक्के टोकन कॉम्प्युटरवरून!" त्यात खोटं काहीच नव्हतं. तूर तेवढी कोणाचीच घेतली नव्हती.

फाटकाबाहेर व्यापाऱ्याचा टेम्पो दुपारपासून उभा होता. तो म्हणेल तो भाव. वलीभाईंनी तीन नंबरच्या टोकनाची घडी करून खिशात ठेवली आणि पोत्याचं एक टोक धरलं. हसनैन नुसताच उभा होता.

"उचल ना बे!" वलीभाई म्हणाले. "का यालेबी पयले दुसरं काही टाका लागते?"