ओळ क्रमांक अठ्ठावन्न

अच्युतरावांच्या उजव्या हाताचं मधलं बोट दुखत होतं आणि त्याला मंडळाची वधू-वर पुस्तिका कारणीभूत होती.

पुस्तिकेत एकशे बारा उपवर मुलंमुली होती. प्रत्येकाची एक ओळ: नाव, शिक्षण, उंची, नोकरी. आधी मुलगे, मग मुली. सगळं अच्युतरावांनी स्वतः संगणकावर टंकलं होतं. अडचण एकच होती. शंभराव्या ओळीवर जायचं असलं की ते खालच्या बाणाचं बटण शंभर वेळा दाबत आणि मोठ्याने मोजत. मध्येच पत्नी अनसूयाबाई "चहा ठेवू का?" म्हणाल्या की मोजणी चुके, आणि स्वारी पुन्हा पहिल्या ओळीपासून निघे.

सून मीरा बंगलोरच्या कंपनीचं काम घरूनच, जेवणाच्या टेबलावर बसून करायची. तिला तिसऱ्या दिवशी हे बघवेना.

"बाबा, ये क्या करून राहिले तुम्ही? कंट्रोल आणि होम दाबा, एकदम वर. कंट्रोल आणि एंड, एकदम शेवटी."

अच्युतरावांनी दाबलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच एकशे बारावी मुलगी समोर हजर.

"आणि मधल्याच ओळीवर जायचं असलं तर?"

"कंट्रोल आणि जी. फिर नंबर टाका, एंटर मारा. बस."

त्यांनी सत्तेचाळीस टाकलं. सत्तेचाळिसावा मुलगा आला. साहेबांनी घंटी वाजवल्यावर शिपाईसुद्धा इतक्या तत्परतेने कधी आला नव्हता. त्या दुपारी अच्युतरावांनी कारण नसताना पन्नासएक स्थळांना बोलावून परत पाठवलं. शेवटी अनसूयाबाई म्हणाल्या, "अहो, त्या पोरींना जरा बसू द्या."

मीराने जाता जाता सांगितलं होतं, "पण नंबरपेक्षा नाव शोधत जा बाबा. कंट्रोल आणि एफ. ते पक्कं असतं."

हे काही अच्युतरावांना पटलं नाही. नावाचा काय भरवसा? मंडळात एकाच नावाचे तीन तीन मुलगे. क्रमांक म्हणजे क्रमांक. चौतीस वर्षं ते सरकारी कचेरीत हेड टायपिस्ट होते. साहेब बदलले, मंत्री बदलले, एकदा तर खात्याचं नावच बदललं, पण फाइलीला एकदा पडलेला क्रमांक कुणाच्या बापाला बदलता आला नाही. त्यांची पद्धतही ठरलेली होती. नजर हस्तलिखितावर, बोटं कळांवर. टंकलेलं परत वाचायचं नाही, कारण ते म्हणजे आपल्याच बोटांवर संशय घेणं. "अच्युतरावांच्या कागदाला खाडाखोड नाही" एवढी एकच मिळकत घेऊन ते निवृत्त झाले होते, आणि तिला ते जिवापाड जपत.

आणि मग मंडळाचे चिटणीस भाऊराव यांचा फोन आला.

"अच्युतराव, घोटाळा झाला. एकवीस घरांनी आपल्या अपेक्षा आत्ता पाठवल्या. ज्याच्या त्याच्या नावाखाली एक एक ओळ टाकायची आहे. अन् गोहलपुरचा प्रेसवाला पाच वाजता फाइल मागून राहिला. होऊन जाईल ना?"

"भाऊराव, कोणाशी बोलताय?" अच्युतराव म्हणाले.

त्यांनी आधी त्या एकवीस जणांचे ओळ क्रमांक वहीत सुवाच्य अक्षरात उतरवले. मग कंट्रोल आणि जी, क्रमांक, एंटर. ओळीच्या शेवटी जाऊन पुन्हा एंटर, आणि तिथे अपेक्षा. नजर वहीवर, बोटं कळांवर. मीरा मीटिंगमध्ये होती. चार वाजून वीस मिनिटांनी फाइल गोहलपुरला पोचलीसुद्धा. बोट जराही दुखलं नाही.

मंडळाच्या वधू-वर मेळाव्याच्या आठवडाभर आधी पुस्तिका घरोघर गेली. अच्युतरावांनी आपली प्रत कौतुकाने उघडली. शालिग्राम, बँकेत नोकरी, पाच फूट आठ इंच. त्याखाली ओळ होती: "मुलाला दाढी नसावी."

त्यांनी चष्मा पुसला. ओळ तशीच राहिली. मग त्यांनी पाठीमागची पानं उलटली, तर पानोपानी अपेक्षा भलत्यांच्याच नावाखाली पडल्या होत्या.

मीराने फाइल पाहिली आणि कपाळाला हात लावला. "बाबा, तुम्ही वरती एक ओळ घातली, की खालच्या सगळ्या एकने खाली सरकतात. पहिल्याची अपेक्षा बरोबर पडली. दुसऱ्याची शेजाऱ्याला गेली. तिसऱ्याची दोन घरं पलीकडे. ऐसे ही इक्कीस तक."

"म्हणजे क्रमांक बदलले?"

"हो."

"आदेश न निघता?"

अच्युतराव त्या दिवशी जेवले नाहीत. माणसाचा हात मोडला तर प्लास्टर घालता येतं. अब्रूला काय घालायचं? दुसऱ्या दिवशी त्यांनी शुद्धिपत्र टंकलं, या वेळी नावं शोधून, आणि दोनशे प्रती काढून आणल्या. मेळाव्यात दारातच उभं राहून हातात देणार, माफी मागणार आणि मंडळाचं काम सोडणार, असं त्यांनी ठरवलं.

पण त्याआधीच सत्यभामाबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांचा मुलगा पुंडलिक कुंडमला गुरांचा डॉक्टर. ओळ क्रमांक अठ्ठावन्न. अच्युतरावांनी शुद्धिपत्रांचा गठ्ठा जवळ ओढला. बाईंच्या हातात मात्र खोव्याच्या जलेबीचा डबा होता.

"भाऊजी, सहा वर्षं एक फोन नाही आला. अन् आता फोन खाली ठेवायला फुरसत नाही! तेवीस मुलीवाले! सगळे विचारून राहिले, मुलगा सैपाकात काय काय करते. मी म्हटलं, सगळंच करते. परवापासून त्याला कणकेला बसवलं."

पुंडलिकाच्या नावाखाली ओळ पडली होती बहात्तराव्या ओळीतल्या अंजनीची: "स्वयंपाक उत्तम येतो. नोकरी चालू राहील. दोन्हीकडच्या आईवडिलांचं करण्याची तयारी. इतर अपेक्षा नाही."

"वहिनी, ती चूक आहे," अच्युतराव कसेबसे म्हणाले आणि त्यांनी ओळीवर बोट ठेवून शुद्धिपत्र पुढे केलं.

सत्यभामाबाई वाचू लागल्या. "मुलगी गोरी, सडपातळ, पहाटे पाचला उठणारी, नोकरी करणारी पण संध्याकाळी घरात असणारी, माहेरी फारशी न जाणारी, मोठ्याने न हसणारी... अगं बाई! कोणाचं घर हो हे? अशा घरी पोरगी कोण देईल?"

"तुमचंच."

अनसूयाबाई पाणी आणायच्या निमित्ताने आत गेल्या.

"छापल्यावर असं दिसते होय?" सत्यभामाबाई हळूच म्हणाल्या. शुद्धिपत्राची घडी करून त्यांनी ती पर्समध्ये टाकली. "हे वाटू नका भाऊजी. तुम्हाला माझी शपथ आहे."

अच्युतरावांनी मग गावातल्याच गोरखपुर मोहल्ल्यात अंजनीच्या वडिलांना, रामरावांना, फोन लावला. निदान त्यांनी तरी रागवावं अशी त्यांची इच्छा होती.

"रागवू काहून?" रामराव म्हणाले. "पोरगी पुस्तिका हातात घेऊन बसली आहे. म्हणते, बाबा, हा पुंडलिक माझ्या मनातलंच बोलून राहिला, अगदी शब्दाला शब्द. रविवारी भेटणार आहेत दोघं."

रविवारी मेळाव्याला इतकी गर्दी झाली की बाहेरून सतरंज्या आणाव्या लागल्या. अच्युतराव शुद्धिपत्रांची पिशवी छातीशी धरून कोपऱ्यात बसले होते. तेवढ्यात भाऊरावांनी माइकवरून त्यांचं नाव पुकारलं, आणि काही कळायच्या आत त्यांच्या खांद्यावर शाल अन् हातात नारळ आला.

"आजवर इतकी स्थळं कधी जुळली नव्हती," भाऊराव म्हणाले. "हे फळ आहे अच्युतरावांच्या बिनचूक कामाचं!"

बिनचूक! अच्युतरावांना राहवेना. त्यांनी माइक ओढून घेतला.

"पुस्तिकेत वीस चुका आहेत," ते म्हणाले. "सगळ्या माझ्या. मला क्षमा करा."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"काय नम्रता आहे!" पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"अहो, खरंच चुकलोय मी! शुद्धिपत्र आहे माझ्याजवळ!"

टाळ्या आणखी वाढल्या. भाऊरावांनी रुमालाने डोळे पुसले. सत्यभामाबाईंनी तेवढ्यात पुढे येऊन पिशवी आपल्याकडे घेतली, दमल्या माणसाच्या हातचं ओझं घ्यावं तशी.

अनसूयाबाईंनी त्यांचा सदरा मागून ओढला. "बसा आता. जन्मभर बरोबर टंकलंत, तेव्हा एक तरी टाळी वाजली होती का?"

नव्हती. अच्युतरावांनी आठवून पाहिलं, एकही नव्हती. ते शाल सावरून खाली बसले.