दौलतभाऊंचे तीन भोंगे

दौलतभाऊंच्या मोटारीत मी पहिल्यांदा बसलो, तेव्हा रस्त्यात एक शेळी आडवी आली आणि मी हात लांबवून भोंगा वाजवला. शेळी जागची हलली नाही. दौलतभाऊंनी मात्र माझं मनगट असं पकडलं, जसं काही मी त्यांच्या खिशातच हात घातला होता.

"काऊन वाजवून राह्यले, मास्तर?" ते कळवळून म्हणाले. "मोजून हाय ना!"

मग त्यांनी मोटार थांबवली, खाली उतरले, शेळीला कान धरून कडेला नेऊन सोडलं आणि परत येऊन बसले. माझ्या कानाची पाळी आली नाही, ती बहुधा माझ्या पेशाचा मान म्हणून.

मोजून होती ती बॅटरीतली वीज. मोटार धावत असताना बॅटरी भरत राहायची, हे काम डायनामोचं. दौलतभाऊंच्या मोटारीतला डायनामो नुसता जागा अडवून बसलेला असे, आमच्या शाळेतल्या एका-दोघांसारखा. मोटार होती कुण्या साहेबाची. साहेब विलायतेला परत गेला, ती लिलावात यांच्याकडे आली, आणि वर्षभरात डायनामोही साहेबाच्या मागे गेला. नवा आणायला हे नागपूरला जाऊन आले. दुकानदार म्हणाला, असला माल आता साहेबाच्या देशातही निघत नाही.

दुसऱ्या कुणी मोटार मोडीत काढली असती. दौलतभाऊंनी ती नुसत्या बॅटरीवर चालवली. दर शनिवारी बॅटरी सायकलला बांधून रेडिओवाल्याच्या दुकानात भरायला न्यायची, रविवारी आणायची. थंडीच्या दिवसांत तिच्यावर पोतं घालायचं. "गारठली की चालत नाई थे," असं ते सांगत, आणि स्वतः एका सदऱ्यावर कुडकुडत. मोटार कायम शहराच्या परकोटाच्या भिंतीजवळच्या चढावर उभी करत, म्हणजे सकाळी ढकलावी लागू नये. उतार लागला की एंजिन बंद. "उतार देवाचा, चढ बॅटरीचा," हे त्यांचं अध्यात्म. भोंग्याऐवजी पुढच्या दांडीला बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी बांधलेली. ती ऐकून समोरच्या गाड्यांचे बैल आपण होऊन बाजूला सरत, पण माणसं मात्र मागे वळून बैल शोधत.

सारा चांदा (चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत) त्यांना चिक्कू म्हणायचा. मीही म्हणायचो. माझ्या घरी त्यांच्या नकला करून मी चांगला हशा वसूल केलेला आहे. बायको तेवढी हसत नसे.

एका संक्रांतीनंतर दौलतभाऊ आमच्या कुंपणाशी येऊन उभे राहिले. टोपी हातात घेतलेली.

"मास्तर, उद्या सुट्टी हाय ना तुमाले? व्याहाडच्या घाटावर चालता का? एकट्यानं जावत नाई मले."

मग उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं ते असं. त्यांची एकुलती लेक यमुना वैनगंगेच्या पलीकडच्या काठावर दिलेली. लग्नात दौलतभाऊंनी हट्ट धरला होता, की पोरगी घाटापर्यंत मोटारीनं जाईल, दिवे लावून, भोंगा वाजवत. नेमका त्याच दिवशी डायनामो गेला आणि मोटार अडली. नवरी बैलगाडीतून घाटावर पोचली, मुहूर्त टळून. पलीकडे व्याही भर मांडवात म्हणाला, "एवढा मोठा खटारा, अन् ओढाले बैल!" दौलतभाऊंनी तिथंच शपथ घेतली, की या माणसाच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. यमुनेची आई आधीच गेलेली, त्यामुळे समजूत घालणारं कुणी नव्हतं.

तेव्हापासून दर महिन्याला ते घाटावर जात. या काठावरून तीन भोंगे द्यायचे. पलीकडे यमुना घागर घेऊन धारेपर्यंत येई, घागर खाली ठेवून पदर हलवी. हे टोपी हलवत. की झालं. परत.

सगळी काटकसर त्या तीन भोंग्यांसाठी होती. शेळीसमोर मी त्यातलाच एक उडवला होता.

"आता जवाई यमुनेले घेऊन बस्तराकडं चालला, लाकडाच्या डेपोत. परवा पहाटे गाडी जुपतेत. घाटावरला डोंगेवाला निरोप देऊन गेला." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. "मी उद्या येतो मनून सांगून धाडलं. भोंगा आयकला का मी धारेवर येतो, मने यमुना."

बायकोनं रातोरात यमुनेसाठी तिळाचे लाडू केले. डबा पिशवीत घालून माझ्या हाती दिला. "मांडीवरच ठेवा. हातची वस्तू विसरता तुम्ही."

वाटेतल्या मूल गावापर्यंत मी तो मांडीवर ठेवला. मुलला चहा घेतला, पुन्हा मोटारीत बसलो, तर मांडीला डबा टोचायला लागला. समोरच्या फळीवर एक काळी मूठ होती. पिशवी अडकवायला देवानेच केल्यासारखी. मी पिशवी तिला अडकवली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन बसलो.

दुपारचं लख्ख ऊन होतं. सावली गावाच्या पुढं एक गाडीवान दोन्ही हात डोळ्यांशी नेऊन बोटं उघडझाप करू लागला, काहीतरी ओरडला. घंटीच्या आवाजात ऐकू आलं नाही. दौलतभाऊंनी हसून हात हलवला. "लोकं मोठे मायाळू हायेत इकडले."

घाट कोसभर राहिला असता एंजिन उचक्या देऊ लागलं. शेवटचा उतार देवाचाच होता, तो आम्हाला थेट रेतीपर्यंत घेऊन आला. दिवस कलला होता. दौलतभाऊंनी सदरा झटकला, केसांवरून हात फिरवला आणि भोंगा दाबला.

घशात काटा अडकल्यासारखा एक घुर्र आवाज आला. दुसऱ्यांदा तोही आला नाही.

ते उतरून पुढचं झाकण उघडायला गेले. मी उगाच काहीतरी करावं म्हणून पिशवी काढायला हात घातला. डब्याच्या भारानं ती काळी मूठ चांगली दोन बोटं बाहेर ओढली गेली होती. तिच्याखाली दिव्याचं चित्र होतं. मुलपासून इथवर, भर उन्हात, दोन्ही दिवे जळत आले होते.

मी मूठ हळूच आत ढकलली.

"म्हातारी झाली बिचारी," दौलतभाऊ बॅटरीवर हात ठेवून म्हणत होते. "तिचा दोष नाई."

मी पिशवी परत मांडीवर घेतली. पोरांना खरं बोला म्हणून रोज सांगणारा माणूस मी.

त्यांनी दांडीची घंटी सोडवली आणि पाण्यात घोट्यापर्यंत उभे राहून ती वाजवत राहिले. पण ती गाड्या परतायची वेळ. दोन्ही काठांवर पन्नास बैलांच्या घंट्या वाजत होत्या. "यमुनेऽऽ" अशी हाकही त्यांनी मारली. पात्र रुंद, वारा तोंडावर. पलीकडे घागर घेतलेली एक बाई धारेशी थांबली, बराच वेळ इकडे पाहत राहिली. भोंग्याची वाट पाहत असेल. मोटार झाडाच्या सावलीत होती, ती तिला दिसणार कशी? मग ती पाठ फिरवून चढ चढून गेली. ती यमुनाच होती असं मी आजही खात्रीनं सांगू शकत नाही. नव्हती असंही नाही.

माणसं पलीकडे नेणाऱ्या डोंगेवाल्यानं विचारलं, "शेवटली खेप हाय, येता का?"

दौलतभाऊंनी नाही म्हणून मान हलवली. त्यांचं पाहून मीही हलवली.

दुसऱ्या दिवशी मोटार चांद्याच्या वाटेला लागली ती बैलांनी ओढत. घंटी वाजत होती, आणि या खेपेला लोकांना बैल शोधावे लागले नाहीत. वाटेत दौलतभाऊ एकदाच बोलले. "भोंगा नाई आयकला, म्हणजे बाप आला नाई, असंच धरलं असन तिनं."

घरी आल्यावर बायकोनं पिशवी घेतली, डबा जड लागला म्हणून उघडला आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिला सगळं सांगितलं, मुठीसकट. दौलतभाऊंना जे सांगायचं होतं ते तिला सांगून मोकळा झालो. वाटलं, आता विसरभोळेपणावरून बोलणी बसतील.

डब्याचं झाकण लावता लावता ती म्हणाली, "दिव्याचं राहू द्या. ते कोणाच्याही हातून होते. पण डोंगा उभा होता ना घाटावर? शपथ दौलतभाऊनं घेतली होती. तुम्ही कोणती घेतली होती?"